काटा ठेवला, ॲप काढलं

काचेचा, मोबाइलवरच्या ॲपला जोडता येणारा घरगुती डिजिटल वजनकाटा. ११ महिने वापरून लिहितोय. पाचपैकी साडेतीन तारे. काट्याला चार, ॲपला शून्य. सरासरी दोन येते हे मलाही कळतं, पण ॲप काढून टाकता येतं आणि काटा राहतो, म्हणून साडेतीन.

माझी सगळी नोकरी गोदामात गेली. ट्रक चढतो त्या काट्यापासून ग्रॅमच्या तराजूपर्यंत सगळं हाताळलंय. त्यामुळे घरात काटा घ्यायचा ठरल्यावर सून म्हणाली, ‘बाबा, हे तुमचं खातं.’ काटा हवा होता नातीसाठी. तिला जेआयए आहे, जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजे लहान मुलांचा संधिवात. ‘लहान मुलांना कुठे संधिवात होतो?’ असं मीही म्हणालो होतो. होतो. सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज असली की हे नाव देतात. आमच्याकडे आधी उजवा गुडघा सुजला, मग डावा घोटा, मग दोन्ही मनगटं. ‘पडली असेल कुठेतरी’ यात आमचा महिना गेला.

डॉक्टरांनी दर भेटीला घरच्या वजनाची नोंद आणायला सांगितली. कारण निव्वळ हिशेबाचं होतं. नात या आजारासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, त्या गोळीची मात्रा मुलांमध्ये शरीराच्या पृष्ठभागावरून ठरवतात, साधारण दर चौरस मीटरला १० ते १५ मिलिग्रॅम. पृष्ठभाग काढायचा तर उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोत घेऊन गुणाकार करायचा, ३६०० ने भागायचं, वर्गमूळ काढायचं. नातीची उंची तेव्हा १३२ आणि वजन २९.७, म्हणजे १.०४ चौरस मीटर. वर्गमूळ हा प्रकार मोठा क्षमाशील आहे, अर्ध्या किलोच्या चुकीने तिथे फारसं काही हलत नाही.

पण त्याच सुमारास याच आजारावरचं ॲडालिमुमॅब नावाचं इंजेक्शन सुरू व्हायचं होतं आणि तिथे हिशेब वेगळा. तिच्या आजारात वजन ३० किलोच्या आत असेल तर दर दोन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, ३० किंवा वर असेल तर ४०. मध्ये काही नाही. दवाखान्यात गर्दीच्या वेळी बूट, जाड जाकीट आणि घोट्याच्या पट्ट्यासकट तिचं वजन भरलं ३०.४. मी वही पुढे केली, घरी २९.७ आहे म्हणालो. डॉक्टरबाईंनी सगळं उतरवून पुन्हा उभं केलं: २९.७. काट्याने एवढ्या एकाच वेळी जे काम केलं त्यासाठी त्याला चारातले दोन तारे.

आता काट्याची परीक्षा. आल्या आल्या मी जुन्या ओळखीने २० किलोची दोन शिक्क्याची लोखंडी वजनं आणली. मधोमध ठेवलं तर २०.०. चारही कोपऱ्यांवर सरकवून पाहिलं, २०.० किंवा २०.१. दोन्ही ठेवली तर ४०.०. घरगुती काट्याकडून याहून जास्त मी मागत नाही. मग तोच काटा सतरंजीवर ठेवला आणि २० किलोचे १८.७ झाले. याच्या चार पायांत चार सेन्सर असतात, पायांना टणक जमीन लागते. खाली मऊ काही आलं की काट्याचं पोटच टेकतं आणि भार पायांवर येत नाही. ज्यांच्या घरी वजन ‘आपोआप’ उतरलंय त्यांनी आधी काट्याखाली बघावं.

दुसरी खोड पकडायला मला पंधरा दिवस लागले. हा काटा शेवटचा आकडा लक्षात ठेवतो आणि नवं वजन त्याच्या दोन-तीनशे ग्रॅमच्या आत असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतो. गिऱ्हाइकाला वाटावं, वा, काय अचूक यंत्र आहे, तीनदा उभं राहिलं तरी तेच! मी हातात पाण्याचा भरलेला पेला घेऊन उभा राहिलो, तरी तेच. गोदामात असला काटा सापडला असता तर मी तो त्याच दिवशी बाहेर काढला असता. उपाय सोपा आहे: आधी त्यावर भलतंच वजन ठेवायचं, म्हणजे मी उभा राहतो, मग नात. हे माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही.

तिसरी गोष्ट दोषात धरू की नको, कळत नाही. आकडा स्थिर व्हायला काट्याला तीन-चार सेकंद लागतात. निरोगी माणसाला तेवढं निश्चल उभं राहणं काहीच नाही. गुडघा सुजलेली मुलगी सगळा भार दुसऱ्या पायावर टाकते, तोल जातो, भिंतीला हात लावते, आणि हात लावला की वजन कमी भरतं. सकाळी उठल्या उठल्या वजन करावं म्हणतात, पण सकाळी तिचे सांधे धरलेले असतात, तासभर तरी सुटत नाहीत. आम्ही संध्याकाळची वेळ ठरवली, आंघोळीच्या आधी, अनवाणी, अंगात पातळ कपडे, एक आड एक रविवार. वेळ कोणती यापेक्षा ती बदलू नये हे महत्त्वाचं. काट्याची उंची बोटभर आहे, पाय फार उचलावा लागत नाही, हे मात्र चांगलं. काच थंडगार असते आणि मोज्यांनी घसरते.

आता ॲप.

ॲपने पहिल्याच दिवशी तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढला, १७.०, आणि लाल अक्षरांत लिहिलं ‘कमी वजन’. घरात गंभीर चेहरे. कोणी म्हणालं, आजाराने पोर खंगली. खरी गोष्ट अशी की १८.५ च्या खाली कमी वजन ही रेघ मोठ्या माणसांची आहे. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर मांडतात, कारण वाढत्या वयात तो आकडाच हलत राहतो. साडेनऊ वर्षांच्या मुलीला १७ हा अगदी चारचौघींसारखा आकडा. जन्मतारीख ॲपने आमच्याकडून विचारून घेतली होती, मग तिचं काय केलं देव जाणे.

इंजेक्शनचा गुण दिसेपर्यंत आधाराला म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी भूक खवळते. सांधे दुखतात म्हणून खेळ बंद, पळणं बंद, जिना टाळायचा. चार महिन्यांत वजन ३५.४ झालं आणि उंची जेमतेम १३३. स्टिरॉइड वजन वाढवतं तसंच उंचीची वाढ मंदही करतं, आणि पेटलेला आजारही तेच करतो. बीएमआय २०.०. ॲपने हिरवी टिकली दिली, वर लिहिलं ‘उत्तम! सामान्य वजन’. त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या तक्त्यावर तिचा ठिपका जास्त वजनाच्या रेषेच्या वर होता. म्हणजे ठीक होती तेव्हा लाल, आणि बघायला हवं तेव्हा हिरवं. बंद पडलेलं घड्याळ तरी दिवसातून दोनदा बरोबर असतं.

चरबीच्या टक्केवारीबद्दल बोलतच नाही. तळपायांतून बारीकसा वीजप्रवाह सोडून हा काटा अंदाज बांधतो, आणि त्यामागचं गणित मोठ्यांच्या शरीरावरून बसवलेलं. १८ वर्षांखालच्यांसाठी हा आकडा ग्राह्य नाही असं माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरांत छापलंय. ॲप मात्र दशांश चिन्हासकट दाखवत होतं.

आता माझी चूक, ती लपवून या काट्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. गोदामात काट्यावरचा माणूस आकडा मोठ्याने सांगतो आणि लिहिणारा लिहून घेतो. चाळीस वर्षांची सवय. मी इथेही तसंच करायचो. ‘पस्तीस चारशे!’ असं मी बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले असताना ओरडलो. कोणीतरी हसलं, ‘गुटगुटीत झालीय हो.’ नात काट्यावरून उतरली आणि आत गेली.

पुढच्या वेळी काटा ३४.६. त्याच्या पुढच्या वेळी ३३.९. मी खूश. वहीत खाली जाणारी रेघ आखली, सुनेला दाखवली, ‘बघ, उतरतंय.’ नात जेवत कमी होती ते मला शहाणपण वाटलं. ती सकाळी दीड-दीड तास पलंगावरून उठत नव्हती ते मी आळसात जमा केलं. दहा दिवसांनी उजवा गुडघा पुन्हा तट्ट फुगला.

गोळ्या तिच्या कंपासपेटीत सापडल्या. अकरा. स्टिरॉइडच्या. ‘त्याने गाल गोल होतात ना आबा,’ एवढंच म्हणाली.

डॉक्टरबाई तिला एका शब्दाने रागावल्या नाहीत. आम्हाला मात्र बाहेर नीट समजावलं की या गोळ्या अशा एकदम सोडणं धोक्याचं असतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून पुरवठा चालू राहिला की त्या काम थांबवतात आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतात, म्हणून मात्रा पायरी पायरीने उतरवायची असते. माझ्या भाषेत सांगायचं तर रोज बाहेरून माल येतोय म्हणून कारखाना बंद ठेवला, आणि एके दिवशी ट्रकच आला नाही. त्या दिवसांत तिला ताप, उलट्या असं काही झालं नाही हे आमचं नशीब.

आणि वजन उतरलं होतं ते आजार वर आल्यामुळे, भूक मेल्यामुळे, काही अंगातलं साठलेलं पाणी गेल्यामुळे. मी ज्या रेघेवर खूश होतो ती आजाराची होती.

त्यानंतर मी आजार खरा मोजतात तरी कसा ते विचारलं. त्याला जाडास म्हणतात, २००९ सालची मोजपट्टी. आमच्या इथे तिचा दहा सांध्यांचा प्रकार वापरतात, त्यात चार खाती. डॉक्टरांना आजार किती वाटतो, ० ते १०. मुलीला किंवा पालकांना ती एकूण कशी वाटते, ० ते १०. आजार चालू असलेले सांधे, मोजायचे जास्तीत जास्त १०. आणि ईएसआर, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, तोही ० ते १० मध्ये बसवलेला: २० पर्यंत शून्य, पुढे दर दहाला एक गुण. बेरीज ४० पैकी. मी कागद उलटासुलटा करून पाहिला. वजनाचं खातंच नाही.

‘नाहीच,’ बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘पण ते आत येतं.’

ते कसं, हा मला या ११ महिन्यांतला सगळ्यात कामाचा धडा वाटतो. चरबी म्हणजे नुसता पडून असलेला माल नव्हे. ती स्वतः दाह वाढवणारी रसायनं सोडते, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ त्यातलीच. टीएनएफ म्हणजे तेच, ज्याला अडवायला नातीला इंजेक्शन देतात. जास्त वजनाच्या मुलांमध्ये संधिवात नसतानाही ईएसआर आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी) थोडे वर असू शकतात. मग रक्ताचा रिपोर्ट बघून सांध्यांची आग आहे की वजनाचा परिणाम, हे वेगळं काढावं लागतं. मी लगेच आकडेमोड केली: ईएसआर २८ आला तरी जाडासमध्ये ०.८ गुणच. म्हणजे या दाराने फार काही येत नाही.

मोठं दार दुसरंच आहे, मुलीचं आणि पालकांचं खातं. वाढलेलं वजन गुडघ्या-घोट्यांवर पडतं, चालून दम लागतो, पाय दुखतात, आणि प्रश्न विचारला की घरचे मोठा आकडा सांगतात. दुखणं खरं असतं, पण दर वेळी ते सुजेचं असेलच असं नाही. एका भेटीत माझ्या मुलाने ६ सांगितला आणि नातीने स्वतः ३. त्या तीन गुणांत औषध वाढवायचं की नाही हे ठरू शकलं असतं. त्या दिवशी बाईंनी गुडघ्याची सोनोग्राफी केली, कारण मांसल गुडघ्यात आणि घोट्यात सूज बोटांना चकवते. आत पाणी नव्हतं. औषध होतं तेवढंच ठेवलं आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

मी विचारलं, म्हणजे वजन वाढलं की हा आजार वाढतो, असं धरू का? त्यांनी तसं धरू दिलं नाही. काही अभ्यासांत लठ्ठ मुलांमध्ये आजार जास्त चालू दिसतो, औषधाचा गुण कमी येतो. काहींत असा संबंध सापडत नाही. आजाराने हालचाल घटते आणि वजन वाढतं, की वजनाने दाह वाढतो, हे उलगडणं अवघड, कारण दोन्ही एकाच वेळी चालू असतात आणि वर स्टिरॉइड असतं. उलट बाजूही आहेच. आजार पेटला की भूक जाते, काही मुलांच्या जबड्याचा सांधा सुजतो आणि चावणंच दुखतं, स्नायू झिजतात. स्नायू झिजून चरबी वाढली तर काटा तोच आकडा दाखवत राहतो आणि घरच्यांना वाटतं काही बदललं नाही.

त्यामुळे या काट्याने काय करायचं हे आम्ही नव्याने ठरवलं. ॲप काढून टाकलं. जोडणी बंद केली की काटा नुसता काटा राहतो, आणि तो चांगला काटा आहे. उंचीसाठी दाराच्या चौकटीला टेप लावली, दर महिन्याला मोजतो, वहीत वजनाच्या शेजारी उंची. सकाळी किती मिनिटांनी मोकळी झाली तेही लिहितो, आणि कोणता सांधा, तेही. आकड्याच्या काचेवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली आहे, ती मी उचलून बघतो आणि खाली ठेवतो. तोंडाने काही बोलत नाही. हे शिकायला मला दोन महिने लागले, एकदा ‘पस्तीस…’ म्हणून जीभ चावली.

सध्याचं सांगतो. स्टिरॉइड सुटून तीन महिने झाले, या वेळी पायऱ्यांनी. वजन ३० ओलांडल्यापासून इंजेक्शन ४० चं झालंय. गेल्या रविवारी वजन ३५.१. फक्त काटा बघणारा म्हणेल, साडेतीनशे... नाही, तीनशे ग्रॅमनेच तर उतरलं. पण उंची १३६ झालीय. बीएमआय १९.०, तक्त्यावरचा ठिपका रेषेच्या जरासा खाली आलाय. किलो तेच, मुलगी वेगळी. आजार चालू असलेले सांधे शून्य, मनगट थोडं कमी वाकतं ते सोडून.

घ्यायचा असेल त्यांच्यासाठी बारीकसारीक: चार छोट्या बॅटऱ्या लागतात, माझ्या सात महिने चालल्या. खालच्या बाजूला किलो-पौंडाचं बटण आहे, ते उचलताना दाबलं जातं आणि एक दिवस मुलगी ७७ ची होते, घाबरू नये. ॲपशिवाय चालतो का हे घ्यायच्या आधी विचारा, काही काटे म्हणे खाते उघडल्याशिवाय जागे होत नाहीत. आणि पाच किलोच्या खालचं याला कळत नाही.

हे शेवटचं मला नातीमुळे कळलं. तिला दप्तराचं वजन करायचं होतं, मनगटं आणि खांदे दुखतात म्हणून शाळेत दोन पुस्तकं ठेवायची परवानगी मिळालीय. दप्तर नुसतं ठेवलं तर काटा जागाच होईना. मग तिने स्वतःच डोकं लढवलं. पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला, दप्तर पाठीला लावून वर उभी राहिली, उतरली, मला मध्ये एकदा उभं केलं (‘तो जुनाच आकडा दाखवेल आबा’), मग दप्तराशिवाय पुन्हा चढली. माझ्या वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी आहे, तिच्या अक्षरात: ३९.७ वजा ३५.१. खाली ४.६, आणि त्याच्या पुढे ‘इतिहास बाहेर’.